कळपातलं नेमकं तेच हरीण का?

कुनो राष्ट्रीय उद्यानातून परत आलेली मंडळी ग्वाल्हेरच्या बाड्यावर (जुन्या बाजाराच्या चौकात) भेटली की तक्रार ठरलेली असते: चित्ता दिसला खरा, पण समोर तीस-चाळीस चितळं चरत असताना ढिम्म बसून होता. एवढ्या लांब जाऊन हेच बघायचं होतं का? माझ्या मते त्यांनी फार मोलाची गोष्ट पाहिली. शिकारी प्राण्याच्या आयुष्यात प्रत्यक्ष झडपेचे क्षण मोजके असतात. बाकीचा बहुतेक वेळ 'आत्ता नको' हे ठरवण्यात जातो. कळपातलं कोणतं जनावर मरणार, याचा बराचसा निकालही त्या 'आत्ता नको'मध्येच लागलेला असतो.

ग्वाल्हेरकरांना हा विषय घरचा आहे. कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ चित्ते आले, १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२३ मध्ये वाघ सोडले गेले. मुरैन्याकडे चंबळ ओलांडायला गेलात तर पुलाखाली मगर आणि घडियाल एकाच वाळूवर ऊन खाताना दिसू शकतात. एवढ्या टापूत इतक्या तऱ्हेचे शिकारी क्वचितच मिळतील.

आधी नावांचा घोळ मिटवू. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. हिंदीतला तेंदुआ म्हणजे आपला बिबट्या, लकडबग्घा म्हणजे तरस, सियार म्हणजे कोल्हा, आणि लोमडी म्हणजे खोकड. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठसे असतात; चित्त्याच्या अंगावर भरीव गोल ठिपके आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ. हे ओळखता येणं गरजेचं आहे, कारण दोघांची सावज निवडण्याची रीत अगदी निराळी.

मांसच का?

मांजरकुळातल्या प्राण्यांना दुसरा पर्यायच नाही. टॉरीन नावाचं द्रव्य त्यांच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, आणि प्रथिनं जाळून ऊर्जा काढण्याचं त्यांचं यंत्र अन्न कमी पडलं तरी मंदावत नाही. घरच्या मांजरीला वर्षानुवर्षं नुसत्या दूधपोळीवर ठेवलं तर टॉरीनच्या अभावी तिच्या डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय कमकुवत होतं. 'आमची मनी शाकाहारी आहे' असं कौतुकाने सांगणाऱ्यांची मनी बहुधा गच्चीवर उंदीर खात असते, म्हणून टिकून आहे. श्वानकुळाचं तसं नाही. कोल्हा बोरं खातो, मका खातो, उंदीर खातो, मेलेलं ढोरही खातो.

यापुढचा मुद्दा वजनाचा. साधारण २० किलोच्या आतले मांसाहारी किडे, उंदीर, सरडे खाऊन जगू शकतात. त्यापेक्षा मोठं शरीर झालं की दिवसभर टिपूनही छोट्या भक्ष्यावर भागत नाही. मग स्वतःच्या निम्म्या वजनाएवढं किंवा त्याहून मोठं जनावर पाडणं भाग पडतं. खोकड टोळ खाऊन दिवस काढतं. वाघाने टोळ खाऊन बघावेत!

वाघाचा हिशेब मांडून पाहू. वाघिणीला रोज साधारण ५-६ किलो मांस लागतं, म्हणजे वर्षाला दोन हजार किलो. मारलेल्या जनावराच्या वजनापैकी हाडं, कोठा, शिंगं, कातडं वगळता ७० टक्क्यांच्या आसपास खाण्याजोगं उरतं. म्हणजे वर्षाला सुमारे २,८०० किलो जिवंत वजन, किंवा ५० किलोची साधारण पंचावन्न चितळं. आठवड्याला एक. पिल्लं असली की आकडा आणखी चढतो. आता यात अपयश मिळवा: वाघाचे दहा-वीस प्रयत्न फसतात तेव्हा एक साधतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. शिवाय कळपाने टिकायचं असेल तर वर्षाला सुमारे दहावा हिस्साच मारला जाणं परवडतं. म्हणून एका वाघामागे पाचेकशे खुरांची जनावरं लागतात. माधवमध्ये वाघ किती राहू शकतील हे जागेच्या आकड्यापेक्षा या पाचशेच्या आकड्यावर ठरणार आहे.

असा ताळेबंद असताना प्रत्येक दिसलेल्या चितळामागे धावणारा शिकारी लवकरच उपाशी मरेल. शिवाय जखमेची भीती आहे. त्याला ना दवाखाना, ना रजा. नीलगायीच्या लाथेने जबडा मोडला किंवा सांबराच्या शिंगाने खांदा फाटला, की पुढच्या शिकारी हुकत जातात. म्हणून 'याच्यापासून किती मिळेल' या प्रश्नाइतकाच 'हे मला काय करू शकतं' हा प्रश्न मोलाचा.

मध्यम आकाराचं गणित

हिवाळ्यात तिघरा धरणाच्या काठावर शेपूट हलवत फिरणारा धोबी पक्षी पाहा. याच जातीच्या इंग्लंडमधल्या पक्ष्यांवर १९७० च्या दशकात झालेला एक अभ्यास या विषयातला सगळ्यात देखणा आहे. शेणावरच्या माश्या लहानमोठ्या सगळ्या आकाराच्या हजर असताना हे पक्षी मुख्यतः ७ मिलिमीटरच्या आसपासच्याच माश्या उचलत होते. मोठ्या माशीत मांस जास्त, पण तिला धरून, आपटून, गिळायला वेळ फार. छोटी माशी झटकन गिळता येते पण तीत काही नाही. दर सेकंदाला सर्वाधिक ऊर्जा मधल्या आकारात मिळते, आणि पक्षी नेमका तिथे थांबला होता.

मोठ्या मांजरांचं गणित याच जातीचं. अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्यावर बिबट्याची पसंती १० ते ४० किलोंच्या सावजाला दिसते, त्यातही २५ किलोच्या आसपास. चित्त्याची २३ ते ५६ किलो. आफ्रिकी सिंहाची १९० ते ५५० किलो. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंत आणि मेल संक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा या तिघांचा अभ्यास करून १९९५ मध्ये निष्कर्ष छापले, त्यात वाघाच्या भक्ष्याचं सरासरी वजन ९१.५ किलो, रानकुत्र्याच्या ४३.४ आणि बिबट्याच्या ३७.६ किलो आलं. एकाच जंगलात तिघे नांदतात ते या वाटणीच्या जोरावर. चितळाची मादी आणि वाढतं पिल्लू चित्त्याच्या मापात चपखल बसतात, आणि कुनोतल्या चित्त्यांचं मुख्य अन्न चितळच आहे. अडचण अशी की ते बिबट्याच्याही मापात बसतं, आणि कुनोत बिबटे भरपूर.

निवड खरी होते कुठे

लोक समजतात की शिकारी कळपाकडे बघतो, एक जनावर हेरतो आणि धावतो. प्रत्यक्षात चाळण्या एकामागून एक लागलेल्या असतात.

पहिली चाळणी जागेची. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानात सिंहांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की सिंह सावज जास्त असलेल्या मैदानापेक्षा सावज पकडायला सोपं असलेल्या जागा पसंत करतात: नाल्याचा काठ, झुडपांची कड, पाणवठ्याकडची चिंचोळी वाट. चितळांचा मोठा कळप उघड्यावर आहे आणि बिबट्या मात्र ओढ्यातल्या करवंदीत, असं दिसलं तर तो चुकीच्या जागी नाही. त्याने आपल्यापुरता प्रश्न सोपा केला आहे. त्या ओढ्यात पाण्याला कोण आधी उतरतं, यावर पुढचं अवलंबून.

दुसरी चाळणी अंतराची. दबा धरणाऱ्या मांजराला शेवटची झेप काही मीटरांतच संपवावी लागते, म्हणून जे जवळ आलं ते. इथे आजारी-निरोगी हा भेद फारसा चालत नाही. एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते: वाऱ्याच्या उलट दिशेने गेलं तर सावजाला वास येत नाही आणि यश वाढतं, तरीही सिंह वाऱ्याची दिशा लक्षात घेताना दिसले नाहीत. जंगलच्या राजाला एवढं साधं सुचू नये!

तिसरी चाळणी नजरेची, आणि तीच सगळ्यात बोलकी. चित्त्याने थॉमसन गॅझेल या आफ्रिकेतल्या छोट्या हरणांच्या जोडीतलं कोणतं हरीण निवडलं याच्या नोंदी घेतल्या तेव्हा मान खाली घालून जास्त वेळ चरणारं हरीण जास्त वेळा बळी पडलं. कळपाच्या कडेला असलेले, शेजाऱ्यापासून लांब पडलेले नर जास्त सापडले. चितळांमध्येही उन्हाळ्यात माजावर आलेले शिंगाडे नर लढण्यात आणि माद्यांमागे फिरण्यात गुंतलेले असतात. खाणं कमी, लक्ष दुसरीकडे. नागरहोळेत बिबटे आणि रानकुत्रे अशा नरांना प्रमाणाबाहेर मारताना दिसले.

वानराने 'खॉक' केलं, चितळाने कूक मारली, की बिबट्याचा डाव मोडतो. आफ्रिकेतल्या ताई जंगलात रेडिओ कॉलर घातलेल्या बिबट्यांनी माकडांची धोक्याची हाक ऐकल्यावर दबा सोडून जागा बदलल्याचं नोंदलं गेलंय. ती हाक भाऊबंदांना सावध करण्यासाठी असेलच, पण 'तू दिसलास, आता जा' हा निरोप बिबट्यालाही असतो. सफारीत कॉल ऐकून जिप्सी तिकडे पळवणारे गाइड बरोबरच करतात, फक्त पोहोचेपर्यंत तमाशा संपलेला असतो.

चौथी चाळणी पाठलागाची, आणि 'शिकारी म्हातारं-आजारी निवडतो' हे वाक्य इथे खरं ठरतं. लांडगे, रानकुत्रे कळपाला आधी पळवून बघतात. कोण लंगडतं, कोण मागे राहतं, हे पळवल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतल्या आइल रॉयल बेटावरच्या लांडग्यांच्या १९६० च्या दशकातल्या नोंदी प्रसिद्ध आहेत: १३१ मूस (थोराड जातीची हरणं) दिसले, त्यातल्या ७७ ना त्यांनी पळवून किंवा घेरून तपासलं, आणि मारले फक्त ६. बाकीचे पळून निसटले किंवा लाथा झाडत उभे राहिले, आणि लांडगे निघून गेले. हरणांच्या ताठ पायांवरच्या उंच उड्यांचा अर्थही इथेच लागतो. जास्त वेगाने अशा उड्या मारणाऱ्या गॅझेलला आफ्रिकी रानकुत्रे सोडून देतात आणि मंद उड्या मारणाऱ्याच्या मागे लागतात. उडी म्हणजे तब्येतीचा दाखला.

चित्ता या दोन पद्धतींच्या मधला. तो दबकत जवळ येतो आणि मग धावतो. बोट्स्वानात कॉलर लावून ३६७ धावा मोजल्या तेव्हा सरासरी धाव निघाली १७३ मीटर. सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर नोंदला गेला, पण बहुतेक धावांतला वेग त्याच्या जवळपासही नव्हता, आणि चारातली एखादीच धाव यशस्वी झाली. निकाल लागतो तो वेग पकडण्यावर, तो झटकन कमी करण्यावर आणि वळण्यावर. मागून येऊन पुढच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाने सावजाचा तोल घालवायचा, मग नरडं धरून काही मिनिटं गुदमरवायचं. धाव सुरू झाल्यावर चित्ता सहसा लक्ष्य बदलत नाही, कारण बदलण्याइतकं अंतर त्याच्याकडे शिल्लकच नसतं. म्हणूनच तो आधी इतका वेळ बसून राहतो.

वेगळं दिसण्याची किंमत

कळप एकसारखा दिसला की नजर एकावर टिकत नाही. माशांवरच्या प्रयोगात आठ एकसारख्या चंदेरी माशांच्या थव्यापुढे मोठा शिकारी मासा गोंधळला. त्यातल्या एक-दोन माशांना निळा रंग दिल्यावर शिकार सोपी झाली. पांढरं पाडस, लंगडी मादी, गळ्यात दोर अडकलेलं हरीण यांच्यावर नजर खिळते ती अशी.

पण नियम उलटाही पडतो. बहिरी ससाणा ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने कबुतरावर कोसळतो. कॅलिफोर्नियात पाठीच्या बुडाशी पांढरा पट्टा असलेली कबुतरं संख्येच्या मानाने फारच कमी मारली जात होती. अभ्यासकांनी करड्या आणि पांढऱ्या कबुतरांची त्या जागेची पिसं बदलून लावली, तर नशीबही बदललं. कबुतर शेवटच्या क्षणी गिरकी घेऊन खांदा पाडतं. पांढरा पट्टा ससाण्याची नजर धरून ठेवतो आणि त्याला ती गिरकी उशिरा कळते, असा अर्थ लावला गेला. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यांवर कबुतरं उडताना पुढच्या वेळी तेवढी शेपटीची मुळं बघा.

चंबळेबद्दल थोडक्यात. घडियालाचा जबडा लांब, अरुंद आणि शंभराहून अधिक दातांचा. पाण्यात आडवा फिरवताना त्याला अडथळा कमी होतो, म्हणून मासे टिपायला उत्तम, पण मोठं जनावर धरून ठेवायला कुचकामी. मगरीचं तोंड रुंद. मासा, कासव, पक्षी, पाण्याला आलेली शेळी, सगळं चालतं. दोघांचं रक्त थंड, त्यामुळे सस्तन प्राण्याच्या मानाने अन्न फारच थोडं लागतं आणि मगर महिनोन्महिने उपाशी राहू शकते. म्हणूनच तिला वाट बघणं परवडतं. पाण्याकाठी एकाच जागी रोज त्याच वेळी कपडे धुणं धोक्याचं ते याच कारणाने.

एकाच रात्री बारा शेळ्या

बिबट्या गोठ्यात शिरला, बारा शेळ्या मारल्या, एक नेली. लोक म्हणतात, रक्ताची चटक. त्यात तथ्य नाही. शोधणं, दबकणं, पकडणं, मारणं, खाणं या पायऱ्या प्राण्याच्या डोक्यात वेगवेगळ्या बटणांवर चालतात. पोट भरलं की शोधणं थांबतं; समोर धडपडणारं जनावर दिसल्यावर मारण्याचं बटण मात्र दाबलं जातंच. प्रयोगात आवडतं अन्न खात असलेल्या मांजरीपुढे उंदीर सोडला तर ती खाणं सोडून उंदीर मारते आणि परत येऊन तेच खाणं पुढे सुरू करते. रानात एक मेल्यावर बाकीचे पळून जातात, म्हणून बटण पुन्हा दाबलं जात नाही. बंद गोठ्यात पळायला जागा नसते.

म्हणून अर्धवट बंद गोठा उघड्यापेक्षा वाईट. सहा फुटी भिंत किंवा बाभळीचं कुंपण बिबट्या सहज ओलांडतो; वरून छप्पर किंवा घट्ट ताणलेली जाळी हवीच. दार फळ्यांचं असेल तर खालची फट बुजवावी, कडी अशी हवी की धडक बसल्यावर उघडणार नाही. कुत्र्याला बाहेर साखळीला बांधून ठेवलं तर ते राखण करत नाही, आमिष होतं: २५ किलोच्या आसपास, एकटं आणि पळू न शकणारं. संध्याकाळी वाकून गवत कापणारा किंवा उकिडवा बसलेला माणूस मागून त्याच मापाचा दिसतो. बसायचं असेल तर पाठीशी उघडी जागा असावी, झुडूप नसावं.

ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून सिंह आणवून याच पट्ट्यात सोडले होते. त्यांनी गुरांवर, मग माणसांवर हल्ले सुरू केले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. पिंजऱ्यातून सुटलेल्या सिंहाला रानातल्या सांबरापेक्षा गोठ्यातली गाय हिशेबात बसणारच.

कोणी काय खाल्लं हे कसं कळतं

शेवटी मोजणीचं, कारण वर्तमानपत्रातल्या 'बिबट्याचं ४० टक्के अन्न अमुक' अशा बातम्या इथेच घसरतात. शिकाऱ्याची विष्ठा वाळवून, बारीक चाळणीत धुऊन, तिच्यातले सावजाचे केस काढतात. एका विष्ठेतले किमान वीस केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यांच्या गाभ्याची नक्षी नमुन्यांशी ताडतात. चूक होते ती पुढे. लहान प्राण्यात वजनाच्या मानाने केस जास्त, म्हणून तेवढंच मांस खाल्लं तरी त्याचे केस असलेल्या विष्ठा जास्त पडतात. त्यासाठी प्यूमा या अमेरिकेतल्या मोठ्या मांजरावरून बसवलेलं एक सूत्र सर्रास वापरतात: सावजाच्या वजनाला ०.०३५ ने गुणा आणि १.९८ मिळवा, एका विष्ठेमागे तेवढे किलो खाल्ले गेले. ८ किलोच्या वानरासाठी उत्तर २.२६ येतं, १५० किलोच्या सांबरासाठी ७.२३. म्हणजे वानराचे केस असलेल्या आणि सांबराचे केस असलेल्या विष्ठा सारख्याच संख्येने मिळाल्या, तर एका सांबरामागे सुमारे सहा वानरं मेलेली असतात, पण पोटात गेलेलं मांस मात्र सांबराचंच तिपटीहून अधिक.

आणि एवढ्यावरही 'पसंती' सिद्ध होत नाही. जंगलात चितळं ६० टक्के आणि अन्नातही ६० टक्के असतील तर बिबट्याला चितळ आवडतं असं म्हणता येणार नाही. ते फक्त भेटतं. सांबर ५ टक्के असून अन्नात २० टक्के निघालं, तर मात्र निवड आहे. मेलेल्या जनावराची तब्येत बघायची असेल तर मांडीचं हाड फोडा: मगज पांढरट, घट्ट, चरबीदार असेल तर ते सुदृढ होतं; लालसर आणि जेलीसारखा पातळ असेल तर ते आधीच उपाशी होतं, आणि शिकारी नसता आला तरी फार दिवस काढणार नव्हतं. संरक्षित जंगलात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय हाड काय, विष्ठाही उचलू नका.